स्विच बंद, पंप चालू

आमच्या ह्यांचा एक हात कायम विमानाच्या पोटाला लागलेला असतो. विमान दुरुस्त करणारा मेकॅनिक माणूस. घरी फ्रिजचा आवाज बदलला तरी आधी हात लावणार, मग बोलणार, आणि बोलणार तेही मोजकंच. हँगरमध्ये ह्यांना 'थांबा' म्हणतात, कारण सगळे पुढे निघाले की हे म्हणणार, "थांबा." अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय ते मला विचारा! पण त्या दिवशी ह्यांच्या साहेबांनी जे केलं, ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

झालं असं. एका विमानाच्या मधल्या टाकीतला इंधनाचा पंप स्विच बंद केल्यावरही चालूच राहत होता. गंमत अशी की स्विच बंद केला की त्याचा इशाऱ्याचा दिवाही विझतो, मग पंप थांबो न थांबो. म्हणजे वैमानिकाला वाटणार, झालं बंद. ह्यांना कळलं ते बाहेरून हात लावल्यावर. आत गुणगुण चालूच! मी विचारलं, "चालू राहिला तर बिघडलं कुठे?" तर म्हणाले, "टाकी संपल्यावर? रिकामा मिक्सर फिरवत ठेवशील का तू? आणि तोही इंधनाच्या वाफेत?"

ह्यांना वाटलं, पंपच खराब. बदलायला लावला. नवाही तसाच! इथे हे चुकले, मान्य. पण साहेबांना आयतं कोलीत मिळालं. "पंप नवा, दिवा विझतोय, प्रवासी खोळंबलेत. आता विमान ठीक आहे म्हणून सही करा." ह्यांनी केली नाही. उलट पंपाची वीज तोडणारा ब्रेकर बाहेर ओढला आणि त्याला आपल्या नावाचा लाल टॅग अडकवला. त्यांच्या कामातला नियम असा की टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, साहेब असला तरी.

मग साहेबांचा मला फोन. "वहिनी, तुम्ही जरा समजवा त्यांना."

"समजवायला ते काय रुसलेले पाहुणे आहेत?" मी म्हटलं. "तुम्ही पंप बंद करून दाखवा, त्यांची समजूत आपोआप पटेल."

तर ह्या बाबाने काय करावं? आमच्याच जावयांना बोलावलं! जावई त्याच हँगरमध्ये, लायसन्स नवं कोरं, नोकरी अजून कायम व्हायची. "सासऱ्यांना टॅग काढायला लावा आणि सही तुम्ही करा. कायम व्हायचंय ना?" अरे, माणसाने किती खालच्या थराला जावं! सासऱ्यापुढे जावई उभा करायचा, तोही त्याच्या पोटावर पाय देऊन!

जावई बिचारे वर कॉकपिटमध्ये ह्यांच्यापुढे येऊन उभे. "बाबा, काय करू?"

"ते मी सांगणार नाही," हे म्हणाले. स्वतःच्या हाताने टॅग काढला, ब्रेकर आत ढकलला. "मी वर स्विच चालू करून बंद करतो. तुम्ही खाली जाऊन हात लावा."

टॅग निघाला म्हटल्यावर साहेबांचं गंगेत घोडं न्हालं. कागद पुढे करून तयार. जावई खाली गेले, विमानाच्या पोटाला हात लावून उभे राहिले. वर आले आणि सरळ ब्रेकर ओढून त्याला स्वतःच्या नावाचा टॅग लावला. "साहेब, पंप चालू आहे."

शेवटी दोष सापडला तो पंपाला वीज देणाऱ्या रिलेत. आतले कॉन्टॅक्ट चिकटून बसले होते, म्हणून स्विच बंद केला तरी वीज जातच होती. रिले बदलला, विमान गेलं. आणि बक्षीस काय? जावयांचं कायम होणं पुढे ढकललं. 'निर्णय घ्यायला कचरतात' म्हणे! चोर सोडून संन्याशाला फाशी! लेक रडायला लागली. मी म्हटलं, साहेबांच्या घरी जाते आणि चांगली तोंडावर विचारते. चपला पायात घातल्या सुद्धा.

जावयांनी दारातच अडवलं. "आई, नका जाऊ. खरं सांगू? मी सही करणारच होतो. पेन खिशातून काढलं होतं. दिवा विझलेला होता ना."

"मग खाली का गेलात?"

"बाबा म्हणाले म्हणून. नाहीतर कोण जातं, आई?"

राग राहिला बाजूला, मी चपला काढल्या आणि गॅसचं बटण बंद आहे ना ते हात लावून बघून आले.