हौसाक्काची संकष्टी

हौसाक्का पाटणच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर लेकानं, शशिधरनं, तिला साउथहॅम्प्टनला आणली. तो तिथं डॉक्टर, सून वरदाही डॉक्टर. म्हातारीनं विलायतेत येऊन काहीच सोडलं नाही. लुगडं नाही, मिश्री नाही, आणि संकष्टी तर नाहीच. सुनेचं पोट दोनदा रिकामं झालं तेव्हा तिनं गणपतीला एकवीस संकष्ट्या बोलल्या, त्याही कडक. चंद्र दिसेपर्यंत तोंडात कण नाही. इथल्या उन्हाळ्यात अंधारच दहाला पडतो, चंद्र त्याच्याही मागनं येतो. तरी म्हातारी मागं हटली नाही. आता सुनेला तिसरा महिना होता आणि संकष्ट्या दोनच उरल्या होत्या.

दोन हजार पाचच्या जुलैतला रविवार. शशिधर ड्यूटीवर. जवळच्या एका खेड्यात लोक वर्षातून एक दिवस आपल्या बागा सगळ्यांना बघायला उघडतात, तिथं वरदा सासूला घेऊन गेली. गवतानं शाकारलेली घरं, भिंतींवर चढलेले गुलाब, दारादारात पुरुषभर उंचीची फुलं. म्हातारीला सगळं आवडलं, पण एवढ्या जागेत कुणी चार वांगी का लावली नाहीत, हे ती प्रत्येक फाटकात सुनेला विचारत होती.

चौथ्या बागेत तिचं विचारणं थांबलं. वरदानं वळून पाहिलं. आक्का सावलीत उभी, तरी वरच्या ओठावर घामाचे थेंब. हात कापत होते.

वरदानं विचारलं, सकाळी काय खाल्लं. आक्का म्हणाली, आज संकष्टी.

ड्यूट्यांच्या धबडग्यात वरदाला संकष्टीचं भानच नव्हतं. मागच्याच आठवड्यात आक्काच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केलं होतं.

"आई, सुई घेतली सकाळी?"

"घेतली की. तूच म्हनलीस, चुकवायची न्हाय."

सुनेचंही ऐकलं होतं आणि देवाचंही. रक्तातली साखर उतरत चालली होती. बेशुद्ध पडली तर तोंडानं काही देता येणार नव्हतं, आणि त्या गल्लीबोळाच्या गावात अँब्युलन्स कधी पोचेल याचा नेम नव्हता.

बागेची मालकीण, एक वाळकी गोरी म्हातारी, खुर्ची घेऊन धावली. झाडाखालच्या टेबलावर ती घरचा जॅम विकत होती. वरदानं बरणी उचलून झाकण काढलं आणि बोटभर जॅम सासूच्या तोंडापाशी नेला. आक्कानं हात झटकला. जीभ जड झाली होती, तरी शिवी स्पष्ट आली.

"भवाने, पोटातलं पोर घालवतीस काय?"

वरदाचा देवावर फारसा विश्वास नव्हता. तरी तिचा हात थांबला. दोनदा काय झालं होतं ते तिच्या अंगाला ठाऊक होतं. आक्काची नजर आता भलतीकडेच लागली होती, मान कलायला लागली होती.

"नवस माझ्या पोटासाठी ना? मग मोडते मीच," वरदा म्हणाली आणि म्हातारीचा जबडा धरून जॅम हिरड्यांवर चोळला. एकदा, परत एकदा. आक्का चावली. वरदानं बोट काढलं नाही. गिळा म्हणत राहिली, आणि शेवटी गळा हलला. मालकिणीनं सरबत आणलं, तेही घोटाघोटानं पाजलं.

बऱ्याच वेळानं आक्कानं डोळे पुसले, इकडंतिकडं पाहिलं.

"मोडला?"

"मोडला."

म्हातारी सुनेच्या पोटाकडं बघत बसली. मग म्हणाली, पुढल्या संकष्टीपासून पुन्हा पहिली धरायची. वरदा म्हणाली, धरा, पण सुई मी देणार, आणि फळं-दूध घ्यायचं. आक्का म्हणाली, फळं घेईन, दूध नाही. दूधही, वरदा म्हणाली. दोघींनी बराच वेळ मान खाली घातली नाही.

"बरं, दूध बी," आक्का म्हणाली. "आता त्या बाईकडनं पावाचा तुकडा माग. नुसतं गोड किती चाटू?"

वरदा उठली. तिचा एक हात पोटावर होता, आणि बोटातून अजून रक्त येत होतं.