मुरलेली सीट

आमच्या पिपरी मेघेच्या चौकातला सायकलवाला चामड्याची नवी सीट गिऱ्हाइकाला लगेच कधी द्यायचा नाही. आधी स्वतःच्या सायकलला लावून महिनाभर फिरायचा. रोज संध्याकाळी तिला जवसाचं तेल चोळायचा आणि अंगठ्याने दाबून पाहायचा.

मी तेव्हा वर्ध्याला सायकलने शाळेत शिकवायला जायचो. माझी जुनी सीट इतकी टोचायची, की सगळे तास मी उभ्यानेच घ्यायचो. म्हणून त्याच्याकडे नवी सांगितली. महिना उलटल्यावर विचारलं, तर म्हणाला, "अजून नाई मुरली, सर. लोनचं का दुसऱ्याच दिवशी खाता तुमी?" आणि उत्तराची वाट न बघता पान्याने चेनकव्हर ठोकत बसला.

दीड महिन्याने त्याने शेवटची म्हणून तिच्यावर एक चक्कर मारली आणि मगच ती माझ्या सायकलला बसवली. खरंच गादीवर बसल्यासारखं वाटलं. फक्त तो स्वतः डावीकडे कलून बसायचा, त्यामुळे सीटचा खळगाही तसाच पडला होता. आता मीही कललो. तक्रार घेऊन गेलो, तर त्याने शांतपणे विचारलं, "दुखून राह्यलं का?"

दुखत नव्हतं.

पुढे कित्येक वर्षं वर्ध्याच्या रस्त्यावर समोरून कुणी अनोळखी माणूस डावीकडे कलून सायकल चालवत आला, की मी ओळखीचं हसायचो. तोही हसायचा.