माझ्या बापाविरुद्ध मी दिलेली साक्ष

"सांग. तुझा बाप कसा होता ते सांग."

पास्टरांचा हात माझ्या खांद्यावर होता. माईक माझ्या हातात. समोर खुर्च्यांवर पुण्याहून आलेले, चर्चला मदत करणारे पाहुणे, सात-आठ जण. त्यांच्या पुढे सतरंजीवर डोंगरातली माणसं. आणि सतरंजीच्या पहिल्या रांगेत माझा बाप. डोक्याला नवं पांढरं फडकं बांधून, मांडी घालून, माझ्याकडे बघत बसलेला.

मी सांगितलं.

मी म्हणालो, माझा बाप दारुडा होता. रोज प्यायचा, आईला मारायचा, मला मारायचा. आमच्या घरात भुताखेतांची भीती होती, अंधार होता. आम्ही जनावरांसारखे जगत होतो.

जनावरांसारखे. हा शब्द पास्टरांनी दिलेला नव्हता. तो माझा स्वतःचा.

पाहुणे माना हलवत होते. एक बाई डोळे पुसत होत्या. मधूनमधून सगळे माझ्या बापाकडे बघायचे. त्यांनी बघितलं की बाप हसायचा. आपला पोरगा शिकलेल्या माणसांसमोर एवढं मराठी बोलतोय, आणि माणसं आपल्याकडे बघतायत. मी त्याचं कौतुक करतोय असं त्याला वाटतंय, असं मी धरलं.

आम्ही काठी गावच्या वरच्या पाड्यावरचे. घरी भिली बोलतो. बापाला मराठी येत नाही, असं मी धरून चाललो होतो. म्हणून तर बोलू शकलो.

प्रार्थना झाल्यावर त्या बाई पुढे आल्या. त्यांनी बापाचे दोन्ही हात धरले. "काका, आता सगळं माफ झालं हं," त्या म्हणाल्या.

बापाने मला भिलीत विचारलं, "काय म्हणते ती?"

मी म्हणालो, "तू चांगला माणूस आहेस, म्हणते."

बाप म्हणाला, "तिला सांग, तू पण चांगली बाई आहेस."

मी सांगितलं. दोघंही खूश झाले. मधे मी उभा.

नंतर जेवण. पाहुण्यांना आत टेबल-खुर्च्या. पास्टर मला हळूच म्हणाले, "डोंगरातल्यांना बाहेर गच्चीवर बसव. त्यांना खाली बसायची सवय असते." गच्चीवर ऊन होतं. सतरंज्या मीच टाकल्या. माझा बाप तिथे जेवला. मी आत. पाहुण्यांना भात वाढत.

हे सगळं कुठे घडलं ते सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातलं कॉलेजचं गाव. बारावीनंतर मी तिथे शिकायला उतरलो. पहिल्या वर्षी वर्गात मी तोंड उघडलं की मागून हसू यायचं. खोली बघायला गेलो की घरमालक नाव विचारायचे, मग गाव विचारायचे, मग खोली दिलेली असायची. मी गाव सांगताना 'खापरकडचा' म्हणू लागलो. खापर सपाटीवरचं, बाजाराचं गाव. काठी म्हटलं की डोंगर आला.

तेव्हा पास्टर भेटले. पुण्याकडचे. या गावात नवी बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे चर्च, उभी करायला आले होते. सगळ्या जातींची, सगळ्या भाषांची एक मंडळी, असं ते म्हणायचे. त्यांनाही कुणी जागा देत नव्हतं. शेवटी रफिकचाचांनी दिली. त्यांचं फर्निचरचं दुकान, वर मोकळा हॉल. रविवारी सकाळी दोन तास ते करवतीचं मशीन बंद ठेवायचे. "खुदा का नाम ले रहे हो, शोर कायकू करना," म्हणायचे. हॉलमध्ये कायम सागाच्या भुश्शाचा वास.

सुरुवातीला आम्ही नऊ जण होतो. केरळच्या लीलाम्मा सिस्टर, दवाखान्यात नर्स. विसरवाडीच्या कोकणी आदिवासी घरातली दोन मुलं. कॉलेजसमोर भाजी विकणाऱ्या सुमनमावशी, अहिराणी बोलणाऱ्या. मी. पास्टरांचं कुटुंब. गाणी मराठीत, कधी मल्याळममध्ये, एखादं कोकणीत. भिलीत मी कधी म्हटलं नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. मलाच लाज वाटायची.

पास्टर वाईट माणूस नव्हते. हे लिहायलाच हवं, नाहीतर ही साक्षही खोटी होईल. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरी खाटेवर झोपवलं, पेज भरवली. त्यांच्या ताटात मी जेवलोय. तापीच्या पाण्यात त्यांनी मला बाप्तिस्मा दिला तेव्हा वर आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. या गावात मला पहिल्यांदा कुणी जवळ बसवलं ते त्यांनी. म्हणून देवाने तुला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांग, साक्ष दे, असं ते म्हणाले तेव्हा मी नाही म्हणालो नाही.

आधी मी खरी साक्ष लिहून नेली होती. एकटेपणा, कॉलेजातलं हसू, मग मंडळी. त्यांनी वाचली. म्हणाले, "यात बदल कुठे दिसतो? आधीचा अंधार दिसला पाहिजे. तुमच्याकडे दारू तर असेलच ना?"

मी म्हणालो, "असते."

असते. माझा बाप सणाला मोहाची घेतो. लग्नात घेतो, नाचतो, झोपतो. आणि होळीच्या आधी पाळणी, म्हणजे व्रत, धरतो तेव्हा थेंबाला शिवत नाही. खाटेवर झोपत नाही. कंबरेला घुंगरं बांधून रात्रभर नाचतो ते शुद्धीत. आईला त्याने मारलेलं मी पाहिलं नाही. मला त्याने एकदाच मारलं, नदीला पूर असताना मी पाण्यात उतरलो तेव्हा. मारून स्वतःच रडला.

पण 'असते' या एका शब्दावर पास्टरांनी पुढचं सगळं उभं केलं. आणि मी पाठ केलं.

त्या दिवशी दुपारी मी बापाला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. त्याने घरचं आमचूर आणलं होतं पिशवीभर, पास्टरांसाठी. ते देऊन झालं होतं. हात मोकळे. गाडी लागायची होती. तो बाकावर बसला आणि म्हणाला, "मी तुला कधी मारायचो रे?"

मी गाडी येते का ते बघू लागलो.

"ऊसतोडीला गुजरातला दहा वरसं गेलो मी," तो म्हणाला. "दारू हा शब्द सगळीकडे सारखाच आहे. मारणं पण कळतं."

तो भिलीत बोलला. मी मराठीत लिहितोय. भिलीत ते जास्त हळू होतं.

मी म्हणालो, "त्यांना तसं लागतं, बा."

"त्यांना आवडलं?"

"हो."

"मग ठीक."

गाडी आली. तो चढला. खिडकीची जागा मिळाली तरी त्याने बाहेर बघितलं नाही.

एखाद्याला वाटेल, त्या दिवशी मी जागा झालो. नाही झालो. त्यानंतर तीच साक्ष मी आणखी तीन ठिकाणी दिली. दर वेळी बापाला थोडी जास्त दारू पाजली. एका ठिकाणी त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. लोक रडले. मला स्वतःची लाज वाटायची आणि टाळ्या झाल्या की बरं वाटायचं. दोन्ही खरं आहे. गावी गेलो की बाप नीट बोलायचा. 'खाल्लं का, अभ्यास कसा आहे.' स्टँडवरचं पुन्हा काढलं नाही. मीही नाही.

एकदा सुमनमावशी भाजी निवडता निवडता मला म्हणाल्या, "तुन्हा बाप कितला चांगला माणूस शे रे. त्या दिवशी गच्चीवर मन्हा शेजारी बठना. आपली भाजी मले वाढी दिन्ही. तू सांगस तसा वाटत नही."

म्हणजे मावशीही गच्चीवरच जेवल्या होत्या. ते मला त्या दिवशी दिसलंही नव्हतं.

"आता बदलला तो," मी म्हणालो. अजून एक खोटं.

मग रविता आली. आमच्याच बाजूच्या पाड्यावरची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. हॉस्टेलवर राहायची. मंडळीत यायला लागली, बाप्तिस्मा घ्यायचा म्हणाली. पास्टर मला म्हणाले, "तिची साक्ष तू तयार करून घे. तुला जमतं."

रविवारी उपासना संपल्यावर हॉलच्या कोपऱ्यात आम्ही बसलो. मी वही उघडली.

"तुझा बाप पितो?"

"नाही."

"मारतो?"

"नाही." ती हसली. "मला हॉस्टेलला सोडायला तो पेटी डोक्यावर घेऊन घाट उतरला. गाडी बंद होती."

मी पेन धरून बसलो. आणि मग मी म्हणालो, "थोडी तरी पीत असेल ना?"

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडून. पास्टरांच्या आवाजात नाही, माझ्या आवाजात. आणि वर भिलीत. जी भाषा मी गाण्यात आणली नाही, ती मी या कामाला आणली.

ती म्हणाली, "दादा, तुम्ही तुमच्या बापाचं सांगता ते खरं आहे का?"

खाली करवत सुरू झाली होती. मी वाट बघितली, आवाज थांबेल म्हणून. थांबला नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मग कशाला सांगता?"

मी वहीतलं पान फाडलं. कोरंच होतं ते.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली. पास्टरांनी माईक दिला. रविताची ओळख मी करून द्यायची होती. मी म्हणालो, "तिच्या आधी माझं ऐका. मी इथं उभं राहून खोटी साक्ष दिली. माझ्या बापासमोर, माझ्या बापाविरुद्ध. तो दारुडा नाही. त्याने आईवर हात उचलला नाही. आम्ही जनावरांसारखे जगलो नाही. आम्ही माणसांसारखे जगलो."

पास्टर उठले. आवाज न चढवता म्हणाले, "भाऊ, तू थकलायस. आपण प्रार्थना करू." आणि माईक बंद केला.

मी थांबलो. सवयीने थांबलो. पाय खाली बसायला निघालेच होते.

तेव्हा मागून सुमनमावशी म्हणाल्या, "बोलू द्या त्याले."

मग मी बोललो. आधी भिलीत, मग मराठीत. गच्चीचंही सांगितलं. सतरंज्या मी टाकल्या हेही. कोण आत जेवलं, कोण बाहेर. सगळ्या जातींची मंडळी आपण म्हणतो, मग उन्हात कोण बसतं ते बघा, असं म्हणालो. सुंदर काही बोललो नाही.

रविताने त्या दिवशी साक्ष दिली नाही. "मला सांगण्यासारखं वाईट काही झालेलं नाही," एवढंच म्हणाली आणि बसली.

बॅप्टिस्ट मंडळीत निर्णय हात वर करून होतात. पंधरा दिवसांनी बैठक झाली. मी मंडळीची माफी मागावी, तोवर माझ्याकडे कुठलंही काम नसावं, असा ठराव. पास्टर म्हणाले, "त्याच्यावर माझं प्रेम आहे. पण त्याने घर फोडलं." विरोधात लीलाम्मा सिस्टरांचा हात वर गेला, सुमनमावशींचा गेला. मंडळीत येणाऱ्या, हॉस्टेलवरच्या डोंगरातल्या सहा मुलांनीही हात वर केले. ते मोजले नाहीत. ती मुलं अजून सभासद नव्हती. इतक्या महिन्यांत त्यांना सभासद का केलं नाही, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. पाहुण्यांना पाठवायच्या फोटोत मात्र ती पहिल्या रांगेत होती.

ठराव झाला.

मी गावी गेलो. बाप कुंपण बांधत होता. मी त्याला सगळं सांगितलं, आई ऐकत असताना. तीन ठिकाणचं. कुऱ्हाडीचंही. तो काट्या बांधत राहिला. शेवटी म्हणाला, "तिथल्या माणसांना माझं तोंड माहीत आहे. आता मी त्या गावात बाजारालाही कसा येऊ?"

तो तेव्हापासून आलेला नाही. मी त्याची माफी मागितली. त्याने दिली की नाही, मला माहीत नाही. त्याला मी विचारणारही नाही. उत्तर मागण्याचा हक्क मी घालवलाय.

मी मंडळी सोडलेली नाही. ती पास्टरांची नाही, पाहुण्यांची नाही. नऊ जणांत मी होतो. ज्या देवावर माझा विश्वास आहे त्याला माझा बाप काळा करून दाखवायची गरज नव्हती. ती गरज आमची होती.

मंडळीची माफी मी मागितलेली नाही. मागणार नाही. हॉस्टेलच्या सहा जणांची सभासदत्वासाठी नावं मी लिहून दिली आहेत, परत आली की पुन्हा देणार. नाताळच्या आधी पाहुणे येणार आहेत. टेबल-खुर्च्या आत लागतील. मी सतरंजी टाकणार नाही. जेवण वाढणार नाही. मी उभा राहणार, माईक नसला तरी, आणि माझ्या बापाचं नाव घेऊन सांगणार की तो कसा माणूस आहे. भिलीत सांगणार. समजलं नाही तर त्यांनी विचारावं. या वेळी मी भाषांतर खरं करीन.