चिकटवलेली पानं

आज नातवाच्या पुस्तकांना कव्हरं घालायला मैद्याची खळ शिजवली, आणि त्या वासासरशी नेरच्या शाळेतल्या बाईंवरचा माझा जुना राग उफाळून आला.

मी चौथीत होते. धाकटी बहीण सुमी तापानं दगावली होती. मला मात्र सगळ्यांनी सांगितलं, ती मामाकडे उमरखेडला गेली आहे. शाळा सुटली की मी रोज स्टँडवर जाऊन उमरखेडच्या एसटीची वाट बघायची.

त्याच दिवसांत शाळेच्या कपाटातून अमृत प्यालेल्या राजाचं पुस्तक मिळालं. त्याची बायको-मुलं म्हातारी होऊन मेली, तो एकटाच उरला. पुढची दोन पानं बाईंनी खळीनं घट्ट चिकटवलेली! बाई म्हणाल्या, "लहान लेकरांनी मरणाचं कायले वाचावं?"

मरण काय बाईंना विचारून घरात शिरतं?

घरी ओल्या बोटानं मी पानं सोडवली. निम्मी फाटली. उरलेल्यात राजानं देवाकडे मरण मागितलं होतं, आणि ते मिळाल्यावर तो शांत निजला होता.

"माय, सुमी बी अशीच निजली का वं?"

मायनं मला पोटाशी धरलं. त्यानंतर मी स्टँडवर गेले नाही.

पुस्तक फाडलं म्हणून बाईंनी छड्या दिल्या. तेव्हा वाटलं, चूक माझीच. आज वाटतं, त्या बाईंना एक दिवस तरी माझ्यासोबत स्टँडवर उभं करायला हवं होतं, शेवटची एसटी रिकामी होईपर्यंत.