वत्साच्या यंत्राला नारळ फोडला तवा

मागल्या मंगळवारी साताऱ्यात लय गंमत झाली… म्हंजे आता गंमत म्हणायची, तवा पाचावर धारण बसली हुती.

माझ्या भाचीनं, वत्सानं, बायकांची तोंडं उजळायचं दुकान काढलंय. नवरा लढाईतनं अधू पाय घेऊन आला, घर आता तिच्याच हातावर. पुण्याला शिकून येताना विजेचं यंत्र आणलं… काचेची नळी, बटण दाबलं की जांभळी पेटती. गालावर फिरवली की मुरमं वाळत्यात म्हणं.

जमलेल्या बायकांना तिनं बजावलं, "ओल्या हातानं शिवायचं न्हाई. लाकडाच्या खुर्चीवरच बसायचं. काय झालं तर आधी भितीवरचं बटण बंद." आमी शाळंतल्या पोरींगत माना हलवल्या.

मग पूजा! नवं यंत्र, हळदीकुंकवाबिगर कसं चालंल? वत्साची सासू मला म्हणाली, "विहीणबाई, तुमी जरा लांब ऱ्हावा. सवाष्णींचं काम हाय." मी बापडी विधवा, ऱ्हायले भितीला टेकून… बटणापाशी.

देवाला उजेड दिसावा म्हणून वत्सानं यंत्र पेटतंच ठेवलं हुतं. नारळ फोडला, पाणी थेट यंत्रावर… आन् त्याच ओल्या हातानं कुंकू लावाय गेली. हात चिकटला! डोळं पांढरं! सासू तिला धराय धावली.

मी वरडले, "शिवू नगा तिला!"

समद्या जागच्या जागी थिजल्या. हे बोल आजवर त्यांनी मला ऐकवलेले, माझ्या तोंडून पैल्यांदाच ऐकले… मी बटण बंद केलं. वत्सा मटकन खाली बसली. हाताला मुंग्या, बाकी धड.

पण बायका पळाल्या त्या पळाल्या. वायरमननं यंत्र उघडून वाळवलं, नीट केलं, तरी कुणी फिरकंना. वत्सा रडाय लागली… दुकान गेलं तर खायचं काय?

मग मीच जाऊन खुर्चीत बसले. दारात बघ्या बायकांची ही गर्दी.

सासू म्हणाली, "अगं बया! आता तोंड उजळून कुणाला दावायचंय?"

"वर गेल्यावर मालकांनी वळखाय नगं व्हय?"

बायका खदाखदा हसल्या. वत्सानं हात कोरडे पुसले, नळी फिरवली… मी जित्ती हाय म्हटल्यावर एकेक आत आली. सगळ्यांच्या पुढं सासू!

मुरमं मला कवाच नव्हती. पण नळी ठेवल्यावर वत्सानं गालावरनं नुसता हात फिरवला… मालक गेल्यापासनं कुणी फिरवला नव्हता. लय बरं वाटलं बघा.