एक सूत

काका माणसं डोळ्यांनी ओळखत नसत, कानांनी ओळखत. पुसदच्या आमच्या ओसरीत रस्त्याकडे पाठ करून बसलेले असताना ते म्हणत, "मास्तर येऊन राह्यले. चेनले तेल नाही." दोन मिनिटांनी मास्तर सायकलवरून कुरकुरत उतरत. कुरकुरायची ती सायकल की मास्तर, हे ठरवायचं काम मात्र त्यांनी आमच्यावर सोडलेलं असे.

माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ गावातल्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनमिस्त्री होते. सरकीपासून कापूस सोडवणाऱ्या सगळ्या यंत्रांना फिरवणारं एकच मोठं ऑइल इंजिन होतं, आणि त्याच्या शेजारी काकांची तीस वर्षं गेली होती. "माणूस खोटं बोलते, इंजन नाही बोलत," असं ते म्हणत. हे म्हणताना नेमके माझ्याकडे का बघत, ते मला कधी कळलं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन परतलो तो पेटीत एक विमान घेऊन. हातभर लांबीचं, लाकडी. कॉलेजात विमानांचे नमुने उडवायला शिकवणाऱ्या सरांनी जाताना मला दिलेलं. त्याच्या नाकावर मुठीएवढं इंजिन. दोन लांब तारांनी ते धरायचं आणि आपण मधे उभं राहून भोवऱ्यासारखं फिरायचं. इंधन म्हणजे स्पिरिट आणि एरंडेल. काकांनी बाटली हुंगली. "एरंडेल? मंग पळनच ते. माणूससुद्धा पळते."

सरांनी दिलेल्या एका मासिकात अशाच इंजिनाला लावलेल्या धुराच्या नळीचं चित्र होतं. मधे फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती. "हे तं पोटुशी दिसते," काका म्हणाले, आणि काकूचा तुपाचा डबा रिकामा करून त्याच्या पत्र्याची तश्शी नळी वळून, पितळेनं झाळून मोकळे झाले. ती इंजिनाचा वेग कशी वाढवते, हे मी त्यांना लाटा आणि परावर्तन असे शब्द वापरून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काकूला सांगितलं, "धूर जाता जाता एकडाव मागं वळून पाह्यते, सासरी जाणाऱ्या पोरीवाणी. बरोब्बर वेळेवर पाह्यलं तं इंजनच्या जीवात जीव येते." माझ्या पदवीचा खर्च वडिलांनी उगाच केला, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

ती वेळ जुळवायची म्हणजे नळीची लांबी जुळवायची. विमान खांबाला बांधून काका इंजिन चालवत, ऐकत, बंद करत, नळी जराशी कापत, पुन्हा चालवत. लांबी जमली की इंजिनाचा आवाज एकाएकी किंचाळत वर चढणार होता. काका त्याला "अंगात येणं" म्हणत. नळीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर त्यांनी एक पांढरा दोरा बांधला होता. त्याच्यापुढे कापायचं नाही. "कापलेलं वाढत नाही, बाप्पा!"

एवढा आटापिटा हौसेपायी नव्हता. फॅक्टरीत नवे मॅनेजर आले होते आणि ते सगळ्यांना सांगत सुटले होते, की मिस्त्रीचे कान गेले. दिवाळीनंतर अमरावतीहून दुसरा माणूस आणू. काका त्यांना एवढंच म्हणाले होते, "रविवारी शाळेच्या मैदानावर या, साहेब."

शनिवारी फॅक्टरीतून बोलावणं आलं. काका चपला घालता घालता म्हणाले, "मी येतो. तू एक सूत काप अन् ठेव." मी कात्री घेतली आणि सूत कापलं. नळीला बांधलेलं.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "कापलं?"

"कापलं," मी अभिमानानं म्हणालो.

त्यांनी इंजिन चालवलं. मान कलती करून ऐकलं. बंद केलं, पुन्हा चालवलं. मग खांबाला टेकून खालीच बसले.

"एक सूत कमी झालं, अन् मले फरकच नाही समजून राह्यला," ते हळूच म्हणाले. "साहेब खरंच म्हणते मंग."

त्यांचा चेहरा मला पाहवेना. मी खिशातून दोरा काढला. "काका, सूत म्हणजे हेच ना?"

काकांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अबे बी.एस्सी.! सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा!" आणि ते इतके हसले की काकू बाहेर आली. "अवं, पेढे आण! मले सगळं ऐकू येते! ह्या गाढवानं काही कापलंच नाही!"

दोरा गेल्यावर मर्यादा कुठली, ते कळायला मार्ग नव्हता. काकांनी उरलेलं काम कानसेनं आणि कानानं केलं.

रविवारी विमान गावानं पाहिलं. मी मधे गरगर फिरत होतो, मला दर फेरीला फक्त काकांचं धोतर दिसे. पाचव्या फेरीत त्यांचं वर केलेलं बोटही दिसलं, मॅनेजरांना 'आता ऐका' म्हणणारं, आणि लगेच विमान किंचाळलं. अंगात आलं!

मॅनेजर पुढे झाले. "मिस्त्री, आपल्या इंजनले अशी नळी बसन का?"

"त्याले नळी नाही, पिस्टनची नवी रिंग पाह्यजे, साहेब. दोन महिने झाले सांगून राह्यलो. तुम्हाले ऐकू नाही आलं."

रिंग आली. अमरावतीचा माणूस आला नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी काकांचे कान खरंच गेले. ते कोणालाच कळलं नव्हतं. एका सकाळी ते स्वतःच ऑफिसात गेले आणि टेबलावर किल्ल्या ठेवल्या. "इंजनचं आता मले समजत नाही. दुसरा मिस्त्री पाहा." मालकांनी थांबवायचा खूप प्रयत्न केला म्हणतात, पण काकांना तो ऐकूच आला नाही.

घरी येऊन ते ओसरीत बसले, या खेपेला रस्त्याकडे तोंड करून. काकूला म्हणाले, "आता तुले काय बोलाचं ते बोल." काकूनं चाळीस वर्षांचं साचलेलं सगळं सुरू केलं. दुपार झाली तरी तिचं संपलं नव्हतं, आणि काका बशीत चहा ओतून, तिच्या तोंडाकडे पाहत, मजेत माना डोलावत बसले होते.