टँकरचा ग्रुप आणि वकीलबाई

कुणी मोबाइल पुढे करून "हे बघा" म्हटलं, की वकीलबाई डोळे गच्च मिटून घेत आणि तळहात पुढे धरत. "आधी काय आहे ते सांगा. मग बघायचं का नाय ते मी ठरवते." माझ्या पुतणीच्या लग्नाचे फोटोसुद्धा त्यांनी माझ्याकडून सगळं वर्णन वदवून घेऊन मग पाहिले. तोवर माझा उत्साह संपलेला होता. "छान आहे की जोडा," त्या म्हणाल्या. "चिडता कशाला, सर?"

मी चिडायचो. त्यांच्या शेजारी राहून न चिडणं कुणालाच जमलं नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तरी लिहायला बसलो की आधी चीडच वर येते, बाकीचं मागाहून.

ॲडव्होकेट इंदुमती शेळके. मूळच्या पाचोडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. वडिलांबरोबर आठवडी बाजारात हिंडलेल्या, त्यामुळे कोर्टातल्या भाषेत बाजार असे आणि घरातल्या भाषेत कोर्ट. "बैलाचे दात बघावेत, मालकाच्या मिशा नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक कंपाउंडची भिंत होती, आणि ती त्यांच्या आवाजाला पुरत नसे.

आमची कॉलनी बीड बायपासच्या पलीकडे. पूर्वी तिथे ज्वारी उभी असे. प्लॉट शहर म्हणून विकले गेले, घरं झाली, दिवे आले. नळ मात्र बायपास ओलांडून आलाच नाही. दुष्काळाची वर्षं लागली तेव्हा बोअर आटले आणि सगळी कॉलनी टँकरवर आली. टँकरवाल्याशी बोलणी करायचे नाना, आमचे अध्यक्ष. पाणी ज्याच्या शब्दावर येतं, त्याच्या विनोदालाही लोक हसतात. नानांनी मोबाइलवर 'पाणी' नावाचा ग्रुप काढला होता. टँकर निघाला की त्यावर निरोप यायचा.

पण टँकर यायचा भरदुपारी, आणि त्या वेळी मोठी माणसं वाळूजच्या कारखान्यांत नाही तर ऑफिसात. म्हणून घरोघरी एक फोन मुलांकडे ठेवला जाई. निरोप वाजला की शाळेतून आलेलं पोर पळत जाऊन ड्रममध्ये पाइप सोडायचं. ही युक्ती सगळ्यांना फार हुशारीची वाटली होती. त्याच फोनमध्ये आणखी काय येऊ शकतं, याचा विचार कुणी केला नव्हता.

एका दुपारी नानांच्या फोनवरून टँकरच्या निरोपाऐवजी एक घाणेरडी क्लिप आली. शाळेतली एक मुलगी तेव्हा पाइप धरून उभी होती. तिनं ती उघडली, घाबरली आणि शेजारच्या मुळेकाकूंना विचारलं, "काकू, हे काय आलंय?" तिचा अपराध एवढाच. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं, "त्या पोरीनं बघितलं." कुणी पाठवलं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

मुलीचं नाव, तिचं घर, तिच्या आईची नोकरी मी इथे लिहिणार नाही. वकीलबाई असत्या तर भिंतीवरून ओरडल्या असत्या.

त्यानंतर लोकांनी जे केलं, ते आठवलं की आजही डोकं फिरतं. प्रत्येकाला संताप आला, आणि तो व्यक्त करायला प्रत्येकानं ती क्लिप पुढे पाठवली. "बघा नानांनी काय पाठवलंय," असं वर लिहून! ज्यांनी पाहिली नव्हती त्यांना, मेहुण्यांना, व्याह्यांना आणि पुरावा म्हणून वकीलबाईंना.

त्या तरातरा माझ्या व्हरांड्यात आल्या. "सर, काय म्हणावं ह्यांना? चोरी झाली म्हणून सांगायला दारोदार जाऊन चोऱ्या करतायत! अहो, पाठवणं हाच गुन्हा. नानानं एकदा केला, ह्यांनी घरोघर केला. वीस वर्षांच्या आतल्याला असलं दाखवलं, तर कायदा शिक्षा वाढवतो. आणि ही शिकलेली माणसं?"

"फोन बंद ठेवा," मी म्हणालो.

"फोन नाय, तोंडं बंद ठेवायला पायजेत."

दुसऱ्या दिवशी मुलीची आई त्यांच्याकडे आली. मुलीला शाळेतून काढून गावी आजीकडे धाडायचं, असं तिनं ठरवलं होतं. लोकांचं बोलणं ऐकवत नव्हतं. वकीलबाईंचा आवाज भिंत ओलांडून आला, "गुन्हा कुणाचा, आन् गावाकडं कोण चाललंय? बस खाली. आधी चहा घे."

रविवारी नानांच्या पार्किंगमध्ये बैठक झाली. नाना खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. "चुकून गेलं हो. अंगठा घसरला," नाना म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी म्हणालं, "मुलीलाच बोलवा ना. नेमकं काय बघितलं, विचारून टाकू."

वकीलबाई उठल्या. "कोर्टातसुद्धा असल्या प्रकरणात पोराला बोलवायचं तर जज दार लावून घेतो. आरोपी समोर दिसू देत नाय. आन् तुम्ही तिला सतरंजीवर उभी करता? तमाशा आहे का?"

"अहो, पण तिनं बघितलं ना?" मुळेकाकू म्हणाल्या, आणि मुलीचं नाव घेऊन पुढे काही सांगू लागल्या.

"काकू! नाव!" वकीलबाईंनी तळहात पुढे धरला. "बघितलं नाय. तुमच्या अध्यक्षानं दाखवलं. पोरांच्या हातातून हे फोन काढा आन् नानांनी ग्रुपवर माफी मागावी. बास."

"पाणी मी आणतो, हे विसरू नका, बाई," नाना शांतपणे म्हणाले.

"व्हय. पाणी तुमच्या हातात आहे. पोरं नायत."

माफी आली नाही. मग आईला बरोबर घेऊन, क्लिप आलेला त्यांच्या घरचा फोन पदराखाली धरून, वकीलबाई पोलिस ठाण्यात गेल्या. "डिलीट करून टाका ना, मॅडम," असं तिथेही ऐकवलं गेलं. त्या डबा उघडून तिथेच जेवायला बसल्या. तक्रार लिहून घेतल्यावरच उठल्या.

त्या आठवड्यात टँकर आमच्या गल्लीत वळलाच नाही. लोक त्यांच्या फाटकाशी जमले. "आता कायदा प्यायचा का, बाई?"

"लई तहान लागली असेल तर नानाकडं जा. मी पोरीला विकून पाणी आणणार नाय." त्या कोर्टातून आल्या तशा, काळ्या कोटावरच, पुढच्या गल्लीतून हंडे वाहू लागल्या. कंबर धरून मीही वाहिले. त्यांना शिव्या देतच.

पोलिसांचं बोलावणं आलं, तेव्हा नानांनी ग्रुपवर माफी मागितली; सुप्रभातच्या दोन फुलांच्या मधोमध, कुणाला दिसू नये अशी. टँकर परत वळला. मुलांकडचे फोन गेले, मोठ्यांनी पाळ्या लावल्या. आभार कुणी मानले नाहीत. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र बाईंना बंद झालं. मुलगी गावी गेली नाही. रोज सकाळी ती शाळेला निघाली, की वकीलबाई तिला फाटकातून विचारत, "डबा घेतला का?" त्या दुपारबद्दल त्यांनी तिच्यापाशी चकार शब्द काढला नाही. काकूंनी विषय काढला, की भिंतीवरून एकच शब्द येई, "नाव!" वर्षानुवर्षं हेच चाललं. काकू वैतागायच्या, मीही.

मागच्या उन्हाळ्यात हृदयविकारानं त्या गेल्या. शोकसभा नानांच्याच पार्किंगमध्ये झाली. नळ अजून आलेला नाही. बाहेर टँकरचा पंप घरघरत होता. कॉलनीत नव्यानं आलेल्या एका गृहस्थांनी ती जुनी हकीगत कुठून तरी ऐकली होती. त्यांनी काकूंकडे वाकून विचारलं, "ती मुलगी कोण होती हो?"

ती तिथे होती की नव्हती, हेही मी लिहिणार नाही.

काकूंनी तळहात पुढे धरला. "कोण मुलगी? मला नाय बा माहीत." त्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं. नाना पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. सतरंजीवरच्या एकानंही नाव घेतलं नाही.

मला इतका संताप आला, की उठून बाहेर टँकरपाशी जाऊन उभा राहिलो. एवढंच तर त्या इतकी वर्षं मागत होत्या.